परकराची डावी कड

"पोरगी फार छान चालली, देवराव," मधुकरराव वकील म्हणाले, "आणि तिथंच सगळं बिघडलं."

वाक्याच्या पहिल्या अर्ध्यावर देवरावांना हसू आलं होतं. दुसरा अर्धा कानात शिरेपर्यंत ते ओठांवरून उतरलं नाही, आणि मग ते कुठं ठेवावं हे त्यांना कळेना. कोर्टाच्या व्हरांड्यात मार्चचं ऊन पार भिंतीपर्यंत आलं होतं. यशोधरा, घरातली यशो, चार पावलांवर पाण्याच्या माठाजवळ उभी होती. आईनं शिकवलं तशी ताठ. पांढऱ्या परकराची कड फरशीपासून सगळीकडून सारखी दोन बोटं वर. कोणाही टेलरनं बघून मान डोलवावी अशी कड. खरं सांगायचं तर मघाशी आत, जज्जसाहेबांसमोर ती चालत होती तेव्हाही देवरावांचे डोळे मुलीवर नव्हतेच, त्या कडेवर होते. आत झालं ते एवढंच. ट्रकच्या विमा कंपनीचे वकील तरुण होते, आवाज न चढवणारे. ते यशोला म्हणाले, बेटा, दारापासून टायपिस्टच्या टेबलापर्यंत चालून दाखव. यशो चालली. हळूहळू, मनात एक-दोन-तीन मोजत, डावी टाच उचलून चवड्यावर तोल सांभाळत. पण उचललेली टाच परकराखाली कोणाला दिसणार? मग त्यांनी विचारलं, "शाळेत खेळतेस का?" "हो," यशो म्हणाली, "लंगडी." "जमते?" "माझा पहिला नंबर येते." मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. टायपिस्टही हसला. कंपनीचे वकील हसले नाहीत. त्यांनी डॉक्टरांचं तीन वर्षांपूर्वीचं सर्टिफिकेट साहेबांपुढं सरकवलं: गुडघा वाकत नाही, डावा पाय अर्धा इंच तोकडा. अर्ध्या इंचाचं जे काय होईल ते द्यायला कंपनी तयार आहे, असं ते म्हणाले. बाकी कायमचं अपंगत्व वगैरे जे अर्जात लिहिलं आहे, ते आपण सगळ्यांनीच आत्ता पाहिलं. बोलणं असं की जणू दुकानदाराच्या बिलात बेरीज चुकली होती आणि त्यांनी ती दाखवून दिली.

"लंगडी खेळते हे मले काहून नाही सांगितलं?" मधुकररावांनी विचारलं.

"मलेच माहीत नव्हतं, वकीलसाहेब."

मधुकररावांनी चष्मा काढला आणि काळ्या कोटाच्या बाहीला पुसला. माणूस चांगला होता. चार वर्षांत त्यानं फीचं नाव काढलं नव्हतं, आणि यशोसाठी खिशात लिमलेटच्या गोळ्या ठेवत होता. "पुढल्या मंगळवारी," ते म्हणाले, "तिले साधा फ्रॉक घालून आणा, गुडघ्यापर्यंतचा. जे आहे ते दिसू द्या. मी खोटं काही सांगून नाही राहिलो. आणि तुम्हाले पिंजऱ्यात उभं राहून म्हणावं लागेल की हे बरं होणार नाही. पोरगी ऐकत असली तरी म्हणावं लागेल. याच्यानंतर तारीख नाही, देवराव. निकाल." देवराव म्हणाले, तिच्याकडं गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक नाही. मधुकररावांनी चष्मा पुन्हा चढवून त्यांच्याकडं पाहिलं. "टेलरच्या घरी?" झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. कोर्टात झाकलेल्या मुठीला कवडी मिळत नव्हती, आणि ही मूठ झाकली होती स्वतः देवरावांनीच.

सायकलवर यशो मागं कॅरिअरवर बसायची, आडवी, डावा पाय न वाकता बाहेर सरळ निघालेला. त्यामुळं देवराव सायकल रस्त्याच्या अगदी कडेकडेनं चालवायचे, पाय मातीच्या बाजूला राहील असा. चार वर्षांत ही सवय इतकी मुरली होती की एकटे असले तरी ते तसेच चालवत आणि लोक म्हणत, टेलरमास्तर नालीत पडाल. कोर्टाजवळची सदरची वस्ती मागं पडली. मंगळवारी नावाच्या बाजारात पोत्यांवर वाळत घातलेल्या मिरच्यांचा खकाणा नाकात गेला. यशो मागून शिंकली आणि म्हणाली, "बाबा, मी चुकीचं बोलली का?" "नाही वं." "मग वकीलकाका काहून नाराज झाले?" "ऊन लागलं त्याइले." तिला पटलं नव्हतं, पण बापाला सोडून दिलं होतं. ही सोडून देण्याची रीत तिच्यात कुठून आली? दवाखान्यात सहा वर्षांची असतानाही ती अशीच. प्लास्टर कापताना डॉक्टर म्हणाले, दुखलं तर ओरड. तर तिनं आधी बापाकडं पाहिलं, बापाचा चेहरा पाहिला, आणि ओरडली नाही. देवरावांना तेव्हा वाटलं होतं, पोरगी धीराची आहे. आज सायकलवर, कडबी चौकाच्या चढाला पायडल जड झाल्यावर, पहिल्यांदाच वाटलं की ती धीराची नसेलही. तिनं फक्त पाहून ठरवलं असेल की ह्या माणसाला झेपणार नाही.

चढ संपला की इंदोऱ्याचा तो कोपरा यायचाच. त्याला वळसा घालून जायला दुसरा रस्ता होता; पहिलं वर्षभर देवराव त्याच रस्त्यानं जात. नंतर लाज वाटली. कोपऱ्यावर सुई-दोऱ्याचं दुकान होतं, अजूनही होतं, दुकानदार अजूनही दिसला की नजर खाली घालायचा, जणू ट्रक त्याचाच होता. चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत एका नवरीचं पोलकं अर्ध्यावर होतं, राणी कलरचं, आणि राणी कलरची रीळ संपली. संध्याकाळी वऱ्हाड यायचं होतं. देवरावांनी मशीनवरून मान वर न करता म्हटलं, यशो, जा वं, रीळ आण, लौकर जा, लौकर ये. मान वर न करता. ट्रक मागं येत होता, मागं उभं राहून हात दाखवणारं कोणी नव्हतं. गेल्या तारखेला कंपनीच्या वकिलांनी हेच विचारलं होतं, सहा वर्षांच्या मुलीला रस्ता ओलांडायला कोणी पाठवलं? आणि देवराव म्हणाले होते, "मी." टायपिस्टनं ते एकदाच टक करून टाइप केल्यासारखं त्यांना वाटलं. केवढं मोठं, आणि केवढं थोडक्यात आटोपलं. ती रीळ यशोच्या मुठीतच होती. दवाखान्यातल्या नर्सनं बोटं सोडवून काढली आणि देवरावांच्या हातात दिली. पोलकं शेजारच्या टेलरनं पुरं केलं. रीळ मशीनच्या खणात आहे. कितीही घाईचं काम असलं, राणी कलर कितीही लागला, तरी तिचा दोरा ओवला गेलेला नाही.

आणि मग तो परकर. त्याच वर्षीच्या दसऱ्याला, पाय प्लास्टरमधून सुटून चार महिने झाले असताना, त्यांची बायको सिंधू म्हणाली होती, दीक्षाभूमीवर यंदा जायचं नाही का? न जाण्याचा प्रश्न नव्हता. छप्पन साली दीक्षेच्या त्या आठवड्यात देवराव अठरा वर्षांचे होते, एका मास्तरच्या हाताखाली काज-बटण करत होते, आणि इतवारीच्या बाजारात पांढरं कापड मिळेनासं झालं होतं. खेड्यांवरून येणारे लोक अंगावरचं मळकं काढून पांढरं घालायचं म्हणून रांगेनं दुकानासमोर बसलेले. मास्तरनं त्यांना मशीनवर पहिल्यांदा बसवलं ते त्या आठवड्यात. एकवीस सदरे. घरी आले तर बाप पांढऱ्या सदऱ्यात इतका ताठ उभा होता की आधी ओळखूच आला नाही. तेव्हापासून देवरावांच्या मनात पांढरं आणि ताठ ह्या दोन गोष्टी एकाच कापडाच्या होत्या. कोणासमोर लाचार दिसायचं नाही, फाटकं घालायचं नाही, कोणी कीव करील असं उभं राहायचं नाही. त्या दसऱ्याला त्यांनी यशोसाठी पांढरा परकर शिवला. वाढत्या अंगाची पोर, म्हणून आत वीतभर माया ठेवली, दरसाल थोडी थोडी सोडता यावी अशी. परकर घालून ती उभी राहिली तेव्हा कड डावीकडं किंचित झुकली. देवराव गुडघ्यावर बसले, तोंडात टाचण्या धरून, आणि डावीकडं दोऱ्याएवढं कापड जास्त दुमडलं. कड सरळ झाली. सिंधूनं पाहिलं आणि म्हणाली, "काही समजत नाही पहा." त्या चार शब्दांनी त्यांना जे सुख दिलं, ते आजवर कोणत्या गिऱ्हाइकानं दिलं नव्हतं.

घरी सिंधू दारात बसून बटणं लावत होती. काय झालं ते देवरावांनी थोडक्यात सांगितलं. यशो आत गेल्यावर सिंधूनं सुई कापडात खोचली आणि कापड बाजूला ठेवलं. हे ती फक्त भांडताना करायची. "चार वर्षं मी तिले अंगणात ताठ चालाले शिकवलं," ती म्हणाली. "आता काय लंगडाले शिकवू? साहेबासमोर? त्या हसणाऱ्याइसमोर?" "शिकवायचं नाही. झाकायचं नाही, एवढंच." "एकच झालं ते." देवरावांनाही ते एकच वाटत होतं. पण डॉक्टरांनी काय काय सांगितलं होतं ते दोघांनाही पाठ होतं. उंच टाचेचा बूट लागेल, दरसाल नवा, वाढ संपेपर्यंत. नाही घातला तर आधी कंबर जाईल, मग पाठ. एक ऑपरेशन आहे, पण ते मुंबईला, आणि वेळ निघून जाण्याआधी. बूट कधी आलाच नाही. कंपनी देऊ म्हणत होती तेवढ्यात दोन बूट आले असते, फार तर तीन. सिंधूनं बराच वेळ रस्त्याकडं पाहिलं. मग सुई उपसून घेतली. "लोक तिले पाहतील," ती म्हणाली. "पाहतीलच." "आपण कसे पाहू?"

फ्रॉक शिवायला एक दुपार पुरली असती. देवरावांनी सहा दुपारी घालवल्या. कधी गिऱ्हाइकाचं काम निघालं, कधी कात्रीला धार नव्हती. निळ्या छिटाचा एक तुकडा त्यांनी तीनदा टेबलावर पसरला आणि तीनदा घडी करून ठेवला. गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक बेतायचा म्हणजे गुडघ्यापर्यंतचं माप घ्यायला हवं, आणि माप घ्यायचं तर पायाला टेप लावायला हवी. चार वर्षांत त्या पायाचं माप त्यांनी घेतलं होतं ते कापडावरून, कधी पायावरून नाही. सोमवारी, उन्हानं रस्ता ओस पडला, तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं की नवा फ्रॉक नकोच. पांढरा परकरच कापू, दोन वीत वरून. कापण्याआधी कड उसवायला हवी. त्यांनी ब्लेड घेतलं, डाव्या बाजूनं टाका धरला आणि उसवत गेले. चुरचुर आवाज करत दोरा निघत होता. उसवणं हे शिवण्यापेक्षा सोपं काम नाही हे गिऱ्हाइकांना कधी पटत नाही. सगळी दुमड सुटल्यावर त्यांनी परकर टेबलावर सपाट केला आणि हातानं सुरकुत्या पुसल्या. काही सुरकुत्या पुसल्या गेल्या नाहीत.

त्या जुन्या दुमडींच्या खुणा होत्या. एका दसऱ्याची एक. पांढऱ्या कापडात मळ धरलेली बारीक रेघ, आणि रेघेवर सुईची भोकं. उजवीकडं चारही रेघा एकमेकींपासून दोन-दोन बोटं अंतरावर होत्या, वाढत्या पोरीच्या असाव्यात तशा. डावीकडं त्या एकमेकींच्या जवळ जवळ येऊन दाटल्या होत्या, जणू डावीकडची पोर वाढायचीच थांबली होती. देवरावांनी टेप घेतली. पहिल्या दसऱ्याला दोन बाजूंतला फरक दोऱ्याएवढा. दुसऱ्याला अर्धा इंच. तिसऱ्याला एक. परवाच्या दसऱ्याला दीड. हे त्यांना माहीत नव्हतं असं कसं म्हणायचं? प्रत्येक साली दुमड त्यांच्याच हातानं घातलेली होती. पण दुसऱ्या दसऱ्याला त्यांनी स्वतःला सांगितलं होतं की कापड तिरपं फाडलं गेलंय. तिसऱ्याला, कापड धुण्यात आटलं. परवा, नाडी डावीकडं सैल बसतेय. वीस-बावीस वर्षं कापड हातात असलेला माणूस कापडावर खोटा आळ घेत होता, आणि कापड बिचारं गप्प होतं. आणि कमरेतला झोक, उचललेली टाच हे धरलं तर पायातला फरक दीडाहून जास्तच असणार. सर्टिफिकेटात अर्धा इंच होता तो अर्धा राहिलाच नव्हता. पाय तोकडा झाला नव्हता, पाय तोकडा होत होता. दरसाल, अजूनही, आत्ता ह्या क्षणालाही. देवराव स्टुलावर बसले. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं, फक्त अश्रू कापडावर पडू नयेत म्हणून परकर जरा पुढं सरकवला.

"ही दुसरीतली," मागून यशो म्हणाली. शाळा सकाळची होती. ती केव्हा आली कळलं नव्हतं. तिनं टेबलावर झुकून रेघेवर बोट ठेवलं. "ही तिसरीतली. ही चौथीतली. या दसऱ्याले मले शेजारच्या शांताच्या पोरीनं पाणी पाजलं होतं." देवरावांनी तोंड पुसलं. "तुले माहीत होतं?" "काय?" "की फरक वाढून राहिला." यशोनं खांदे उडवले. "शाळेचा लांब स्कर्ट मी रोज डाव्या बाजूनं खोचते ना. आधी एक घडी घालत होती, आता तीन लागतात." "मग सांगितलं काहून नाही वं?" यशो रेघेवरून बोट फिरवत राहिली, उजवीकडून डावीकडं. "तुम्ही किती मेहनत करता त्याच्यावर," ती म्हणाली. "टाचण्या तोंडात धरून. मग आई म्हणते काही समजत नाही, मग तुम्ही हसता." थोडं थांबून म्हणाली, "दसऱ्यालेच हसता तुम्ही."

देवरावांना वाटलं होतं की ते तिला झाकत आहेत. चार वर्षं ही पोर परकराच्या आत उभी राहून त्यांना झाकत होती. मग विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, "अन् लंगडी?" यशोचा चेहरा एकदम उजळला. "माझा पाय मागं वाकत नाही तर बाई म्हणाल्या पुढं धर, चालते. सगळ्या पोरी दमतात, मी दमत नाही. आणि बाबा, लंगडीत सगळ्याच एका पायावर राहतात. तिथं मले कोणी हळू चाल, ताठ चाल म्हणत नाही." एवढं सांगून ती पाणी प्यायला आत गेली. देवराव उठले. त्यांनी कात्री खणात ठेवली, राणी कलरच्या रिळेशेजारी. परकर कापायचा नव्हता. निळा खडू घेऊन त्यांनी चारही रेघा गिरवल्या, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग खालची कड सरळ दुमडली, डावी-उजवी सारखी, कापड सांगेल तशी, आणि मशीनवर टीप घातली.

मंगळवारी यशो व्हरांड्यात उभी राहिली तेव्हा परकर उजवीकडं फरशीपासून दोन बोटं वर होता आणि डावीकडं फरशीला टेकत होता, आणि मध्ये चार निळ्या रेघा. जाणारे-येणारे थांबून बघत होते. सिंधू सोबत आली होती. तिनं एका बाईकडं असं पाहिलं की ती बाई घाईनं पुढं गेली. मधुकररावांनी कपाळाला हात लावला. "देवराव, फ्रॉक म्हटलं होतं गा मी! हे काय नाटक?" "नाटक चार वर्षं केलं, वकीलसाहेब," देवराव म्हणाले. "आज मले बोलू द्या."

पिंजऱ्यात मधुकररावांनी ठरलेला प्रश्न विचारला: तुमच्या मते मुलगी पूर्ववत बरी होईल का? ठरलेलं उत्तर एका शब्दाचं होतं. देवरावांनी यशोकडं पाहिलं. ती आपली पाळी कधी येते म्हणून वाट बघणाऱ्या खेळाडूसारखी बघत होती. "साहेब," ते म्हणाले, "मले टक्के समजत नाहीत. इंच समजतात." आणि त्यांनी रेघा सांगितल्या. ही चौऱ्याहत्तरच्या दसऱ्याची, फरक दोऱ्याएवढा. ही पंच्याहत्तरची. प्रत्येक दुमड माझ्या हातची आहे, कोणाले समजू नये म्हणून घातलेली. वकीलसाहेबांपासूनही लपवली. कंपनीचे वकील उठले आणि सौम्यपणे म्हणाले की साक्षीदार टेलर आहेत, डॉक्टर नाहीत. "बरोबर आहे," देवराव म्हणाले. "माप चुकलं तर डॉक्टरचं काय होते मले माहीत नाही. आमाले कापड भरून द्यावं लागते." मागच्या बाकावर पुन्हा कोणी हसलं, पण हे हसू वेगळं होतं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तुमचं म्हणणं काय आहे?" त्यांनी विचारलं. देवराव म्हणाले, "वाढत्या पोरीचं कापड आजचं माप धरून आम्ही कापत नाही, साहेब. पुढचं धरतो. कंपनी तर तीन वर्षं जुन्या मापावर कापून राहिली. ती अजून सात-आठ वर्षं वाढणार. तुम्हीही पुढचं धरा, एवढंच म्हणणं आहे."

साहेब थोडा वेळ परकराकडं पाहत राहिले. मग म्हणाले, सिव्हिल सर्जनकडून मुलीची नवी तपासणी करून घ्यावी लागेल, तसा हुकूम मी करतो. पण आजची स्थिती नोंदवून ठेवू. टेप आहे? टेप होतीच, टेलरच्या खिशात रुमाल नसेल, टेप असते. यशो बाकावर दोन्ही पाय लांब करून बसली आणि कोणी सांगण्याआधी तिनं परकर गुडघ्याच्या वर ओढून घेतला. भर दिवसा, दहा-अकरा माणसांत, देवरावांनी तो पाय पाहिला. बारीक, चकचकीत वण घोट्याकडं उतरत गेलेला, आणि पावलाच्या टोकाला नखं आईनं नीट कापलेली. साधा पाय होता. एवढी वर्षं ते ज्याला भ्याले होते तो हाच. त्यांनी उजव्या कमरेच्या हाडावर टेप धरली आणि घोट्यापर्यंत आणली. "सत्तावीस." मग डावा. अंगठा घोट्यावर टेकवला, टेप वणावरून जात होती, वण दुखेल असं वाटलं आणि हात जरा हलका झाला. मुद्दाम नव्हे. चार वर्षांची हाताची सवय. "पंचवीस," ते म्हणाले. साहेबांनी टायपिस्टला इंग्रजीत सांगायला सुरुवात केली, "डिफरन्स, टू इंचेस..."

"टू नाही, साहेब," यशो म्हणाली. पाचवीत तिला इंग्रजी लागलं होतं. "सव्वादोन आहे. घरी मोजलं मी. बाबा, टेप ढिली आहे तुमची." टायपिस्टची बोटं थांबली. यशो कमरेतून पुढं वाकली, बापाचा अंगठा बाजूला सारला आणि टेपचं टोक आपल्याच घोट्यावर घट्ट दाबून धरलं. "ओढा. दुखत नाही."

देवरावांनी ओढली.

"आता वाचा."

"पावणेपंचवीस," देवराव मोठ्यानं म्हणाले.